ड्राफ्टनंतरचे साठ दिवस

माझा मुलगा हॉकी खेळतो असं नागपूरला फोनवर सांगितलं की समोरून पहिला प्रश्न यायचा, "आपली गवतावरची ना?" नाही, बर्फावरची, म्हटलं की दुसरा, "पण तुमच्याकडे तर वाळवंट आहे म्हणे!" वाळवंटच होतं. आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहायचो. मी कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर, नवरा घरून एका लहान कंपनीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर सांभाळायचा. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला कडेवर घेऊन आलो होतो. तिथे जून-जुलैत बागेतल्या घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो, म्हणून मुलांच्या बर्थडे पार्ट्या बर्फाच्या बंदिस्त रिंकमध्ये व्हायच्या. अशाच एका पार्टीत, सहा वर्षांचा असताना, त्याने भाड्याचे स्केट्स चढवले आणि केक कापायची वेळ झाली तरी बर्फावरून बाहेर यायला तयार होईना. मी कठड्यावरून वाकून हाका मारत होते आणि तो लांबून हात हलवत होता. ते मला पुढची बारा वर्षं पुरलं.

अठराव्या वर्षी एका व्यावसायिक टीमने त्याला निवडलं, त्याचा ड्राफ्ट झाला. सहाव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ शेवटाला. आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी लॅपटॉपसमोर सकाळपासून बसलो होतो. पाचवी फेरी संपली तेव्हा तो म्हणाला, "इट्स ओके, आई, पोहे कर." मी कांदा चिरायला घेतला आणि मागून नवऱ्याचा आवाज आला; शब्द नाही, नुसता आवाज. वळून पाहिलं तर मुलगा स्वतःचं नाव पडद्यावर वाचत उभा होता. आमचं आडनाव त्यांनी चुकीचं उच्चारलं होतं. तिघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे, हे मला तेव्हा सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. व्यावसायिक टीम मुलावर फक्त हक्क राखून ठेवते: हा पुढे तयार झाला, तर आमच्याकडूनच खेळेल. करार नाही, पगार नाही. तो तयार कुठे होणार, हे मुलाने आणि घरच्यांनी ठरवायचं. आमच्यासमोर दोन वाटा होत्या. उत्तरेकडच्या थंडीतल्या एका युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप देऊ केली होती. तिथे मॅचेस कमी, व्यायाम आणि सराव जास्त, शिवाय डिग्री, आणि टीम चार वर्षं वाट पाहू शकत होती. दुसरी वाट कॅनडाच्या गवताळ सपाटीवरच्या एका लहान गावाची. तिथल्या ज्युनिअर टीमकडे त्याचे हक्क आधीपासून होते. तिथे मॅचेस दुप्पट, बसचे दहा-दहा तासांचे प्रवास, आणि दोन वर्षांत टीमने करार केला नाही तर संपलं. शिवाय तेव्हा असा नियम होता की तिकडे एक मॅच जरी खेळला, तरी अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार कायमचं बंद.

मुलाला कॅनडा हवं होतं. मला कॉलेज. ड्राफ्ट केलेल्या टीममध्ये तरुण खेळाडूंकडे लक्ष ठेवणारे एक गृहस्थ होते, त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ते फार शांतपणे बोलले. म्हणाले, दोन्हीकडे खेळाडू घडतात, निर्णय तुमचा. पण मला विचाराल तर याचं डोकं खेळाच्या पुढे आहे आणि अंग मागे. याला वेळ हवा. कॉलेज वेळ देतं.

मी टेबलाखाली नवऱ्याचा हात दाबला. कॉल संपल्यावर मुलगा म्हणाला, "यू पेड हिम ऑर व्हॉट?"

मग दहा-बारा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तो मला मॅचेसची संख्या सांगायचा, मी त्याला गुडघा निकामी झालेल्या खेळाडूंची उदाहरणं द्यायचे. "एखाद्या दिवशी खांदा निखळला तर हातात काय राहील?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. शेवटी एका दुपारी, गाडीत, त्याने पुढे बघत म्हटलं, "फाइन. कॉलेज. पण हे तुझं आहे, आई. माझं नाही." मी जिंकले होते. त्या दिवशी मी त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या, सण नसताना.

जुलैच्या सुरुवातीला तो टीमच्या आठवड्याभराच्या शिबिराला गेला. मंगळवारी मी कारखान्यात पोचले तर दहा वाजताची मीटिंग अचानक साडेआठला आलेली. खोलीत माझा मॅनेजर आणि एचआरमधली कधी न पाहिलेली एक बाई. पाचव्या मिनिटाला माझा बॅज टेबलावर होता. मॅनेजर माझ्यापेक्षा लहान, चांगला मुलगा. तो माझ्याकडे बघतच नव्हता. गाडीत येऊन बसले. एसी लावायचंही सुचलं नाही. तापलेल्या स्टीअरिंग व्हीलचा चटका अजून तळव्यांना आठवतो.

नोकरी जाणं हे दुःख होतंच. पण आमचं सगळं त्या नोकरीला बांधलेलं होतं. मी वर्क व्हिसावर, नवरा आणि मुलगा माझ्या व्हिसाच्या आधारावर. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही मुलगा दुसरीत असल्यापासून उभे होतो आणि रांग हलत नव्हती. नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर निघायचं. मुलाला हे थोडंफार माहीत होतं, पण आपल्या घरावर छप्पर आहे हे जसं माहीत असतं, तेवढंच.

मी गाडीत असतानाच त्याचा फोन आला. "आई! गेस व्हॉट, कोच म्हणाला माझं फूटवर्क बेस्ट आहे. पूर्ण ग्रुपमध्ये! तू कुठेयस, मीटिंगमध्ये?"

"हो," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये."

"ओके ओके, नंतर बोल. लव्ह यू."

त्या दिवशी एकदा खोटं बोलले आणि मग ते रोजचं झालं.

नवऱ्याला अर्थात सांगितलं. तो उठला आणि त्याने आमच्या व्हिसाच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी चांगल्या-वाईट शक्यता एकापुढे एक मांडल्या. तुम्हाला साठ दिवसांत नोकरी मिळाली तर प्रश्नच नाही. नाही मिळाली, तर मुलाला कॉलेजसाठी स्वतःचा स्टुडंट व्हिसा लागेल. इथे राहून अर्ज केला तर महिनोन् महिने लागतात, आणि मधेच नकार आला तर तो बेकायदेशीर ठरेल. भारतात जाऊन अर्ज केला तर मुलाखत. तिथला अधिकारी विचारणार, तू शिकून परत जाणार का? आणि याचं नाव अमेरिकन टीमच्या यादीत आहे; परत जाईन म्हटलं तरी कोण विश्वास ठेवणार?

"आणि कॅनडा?" मी विचारलं.

"कॅनडाची टीम कागदपत्रं करून देते ना? मग तो तिथे तरी सुरक्षित राहील. तुमचं इथलं काहीही झालं तरी." मग त्या म्हणाल्या, "पण मी हॉकीबद्दल काही बोलू शकत नाही."

कॅनडाच्या टीमच्या ऑफिसातून कळलं की कागद जुलै संपायच्या आत, पुढच्या शुक्रवारपर्यंत हवेत. नाहीतर या सीझनला उशीर झालेला असेल.

आमच्या ओळखीच्या एक काकू होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या मुलांच्या डॉक्टर, आता रिटायर्ड. माझ्या मुलाला पहिले टाके त्यांनीच घातले होते, हनुवटीला. मी त्यांच्याकडे जाऊन बसले आणि त्यांनी पाणी आणायच्या आत मी रडायला लागले. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे तू मला काय सांगतेस? त्याला सांग."

"काकू, त्याला सांगितलं तर तो खेळणारच नाही. म्हणेल मी काम करतो, मी तुमच्याबरोबर भारतात येतो. आयुष्यभर त्याच्या मनात राहील की आईची नोकरी गेली म्हणून..."

"मग राहू दे की. तो अठरा वर्षांचा आहे. मी अठराव्या वर्षाच्या पोरांना त्यांच्या स्वतःच्या कॅन्सरबद्दल सांगितलंय."

मला त्यांचा राग आला. त्यांच्याकडे कधीपासून सिटिझनशिप होती, तीन मुलं इथेच जन्मलेली. मी चहा न घेता उठले. पोहोचवायला दारापर्यंत आल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "सांग त्याला." मी नुसती मान डोलावली.

मुलगा शिबिराहून परतला. मी रोज सकाळी नेहमीसारखी तयार होऊन बाहेर पडायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे. अर्ज, फोन, इंटरव्ह्यू. एका ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचले आणि मग त्यांनी भरतीच बंद केली. जेवणाचा डबा गाडीत खायचे. एकदा लायब्ररीच्या पार्किंगमध्ये मुलाच्या मित्राची आई भेटली. "आज सुट्टी?" म्हणाली. मी म्हटलं, "पुस्तकं परत करायला आले." हातात एकही पुस्तक नव्हतं.

गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी कॅनडाला कागद पाठवायचे होते. मुलगा गॅरेजमध्ये होता. दार उघडं टाकून तो एका फळीवर पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, मारत बसायचा, उकाड्यात, घामाने निथळत. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "मी विचार केला. तुझंच बरोबर होतं."

"कशाबद्दल?"

"कॅनडा. तू तुझा खेळ माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. तुला मॅचेस हव्यात तर तू मॅचेस खेळ. मी उगीच डिग्री डिग्री करत बसले."

त्याने स्टिक खाली ठेवली. "आर यू सिरियस?"

"हो."

"बाबा?"

"बाबांनाही पटलंय." नवऱ्याला पटलेलं नव्हतं. तो सकाळी म्हणाला होता, "टीमचा माणूस जे म्हणाला त्याच्या उलट आपण करतोय, आणि तेही पोराला फसवून." मी म्हटलं होतं, "दुसरं काही सुचव."

मुलगा माझ्याजवळ आला आणि त्याने मला मिठी मारली. अठरा वर्षांचा, माझ्याहून एक हात उंच, घामाने चिंब. म्हणाला, "थँक यू, आई. तुला माहीत नाही मला हे किती... मला वाटलं होतं तू कधीच माझं ऐकणार नाहीस." त्याच्या खांद्यात तोंड खुपसून मी तशीच उभी राहिले, कारण चेहरा दाखवायची सोय नव्हती. ड्राफ्ट केलेल्या टीमच्या त्या गृहस्थांना त्याने स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी "हं" म्हटलं, दोन प्रश्न विचारले आणि शुभेच्छा दिल्या.

ऑगस्टच्या शेवटी तो गेला. मी बॅगेत मेतकूट आणि तूप भरलं, त्याने ते काढून स्केट्सला जागा केली, मी ते पुन्हा भरलं. विमानतळावर तो आनंदात होता. साठपैकी माझे अठ्ठेचाळीस दिवस झाले होते.

त्रेपन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली. टेक्ससमध्ये, अर्विंगजवळ. नव्या कंपनीने मुदतीच्या आत अर्ज भरला आणि आम्ही वाचलो. ईमेल वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. नवरा म्हणाला, "अगं, आनंदाची बातमी आहे ना?" मी मोजत होते. कॉलेज सुरू होऊन फक्त दहा दिवस झाले होते. कॅनडातल्या टीमची पहिली मॅच दोनच दिवसांपूर्वी झाली होती, आणि त्यात तो खेळला होता. पाच दिवस आधी हा ईमेल आला असता तर? मी ही गोष्ट नवऱ्याला बोलून दाखवली नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तोही तेच मोजतोय.

मुलाला आम्ही एवढंच सांगितलं की मला टेक्ससमध्ये चांगली नोकरी मिळाली, आपण शिफ्ट होतोय. तो म्हणाला, "कूल." त्या हिवाळ्यात आम्ही त्याला भेटायला जाऊ शकलो नाही, माझा अर्ज मंजूर होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं वकीलबाईंनी बजावलं होतं. मॅचेस आम्ही इंटरनेटवर बघायचो. एकच कॅमेरा, उंचावरून; हेल्मेट सगळ्यांची सारखीच, त्याला स्केट करण्याच्या ढबीवरून ओळखायचं. तो एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या घरी राहायचा. त्या बाई मला फोटो पाठवायच्या. एका फोटोत तो त्यांच्या टेबलाशी बसून मेतकूट-भात खात होता आणि शेजारी ते आजोबा चमच्याने मेतकूट चाखत होते.

एप्रिलमध्ये सीझन संपला. उन्हाळ्यात आमच्याकडे यायचं तर त्याला व्हिसाचा शिक्का घ्यावा लागणार होता, म्हणून नवऱ्याने त्याला सगळे कागद ईमेल केले. त्यात वकीलबाईंचं पत्र होतं. त्यात माझ्या जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस लिहिलेला होता.

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमधून आत चालले होते.

"आई, तुझी नोकरी जुलैत गेली होती?"

मी थांबले. मागून येणारी माणसं मला वळसा घालून जात होती.

"कॅम्पच्या वेळी. मी फोन केला होता तेव्हा. तू म्हणालीस मीटिंगमध्ये आहे."

"हो."

"सो कॅनडा... तुझंच बरोबर होतं, वगैरे. ते?"

मी म्हटलं, "तुला सुरक्षित ठेवायचं होतं रे. आम्हाला जावं लागलं असतं तर तू..."

"आय नो व्हाय." त्याचा आवाज चढला नाही, त्यानेच मी जास्त घाबरले. "मला कळतंय का केलंस. पण मला वाटलं तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मी सगळ्यांना सांगितलं, यू नो? माझ्या आईने माझं ऐकलं. बिलेट मॉमला सांगितलं." ज्यांच्या घरी तो राहत होता त्या बाईंना तो तसं म्हणायचा. "तू मला विचारायला हवं होतंस. मी कदाचित तेच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. आणि मग, नको तेव्हा, "पण तुला मॅचेस हव्याच होत्या ना?"

त्याने फोन ठेवला.

उन्हाळ्यात तो आला नाही. तिथेच राहून त्या आजोबांच्या शेतावर काम करतो, जिम करतो, असं त्याने वडिलांना कळवलं. माझ्याशी बोलायचा, पण हवामानावर. मी हवामान विचारायचे, तो सांगायचा. नवरा मधे बसून दोघांना खेळाच्या बातम्या पुरवायचा.

दुसऱ्या सीझनला, जानेवारीत, त्याचा खांदा निखळला. आम्ही ते अर्विंगमधल्या आमच्या सोफ्यावर बसून पाहिलं. तो कठड्यावर आदळला, उठला, आणि एक हात दुसऱ्या हाताने धरून हळूहळू बाहेर गेला. कॅमेरा लगेच पकच्या मागे वळला. मला माझंच वाक्य आठवलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. ऑपरेशन झालं. सहा आठवडे तो बाकावरही बसू शकला नाही. अंग मागे आहे, याला वेळ हवा, असं जे गृहस्थ म्हणाले होते, त्यांनी मे महिन्यात मुलाला फोन केला. टीम करार करणार नव्हती. मुलाने नंतर सांगितलं की ते फार चांगलं बोलले. कॉलेजला असतास तर आम्ही अजून थांबू शकलो असतो, असंही म्हणाले. दोष देत नव्हते. नुसतं सांगत होते.

आणि याच सुमारास तो नियमही बदलला. कॅनडातल्या ज्युनिअर टीममध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेजमध्ये खेळायची परवानगी मिळाली. मी ती बातमी ऑफिसच्या कॅंटीनमध्ये फोनवर वाचली आणि समोरचं ताट तसंच सरकवलं. ज्या नियमापायी आम्ही दोन महिने तळमळलो, तो कुणीतरी एका मीटिंगमध्ये पुसून टाकला होता. मी घाईघाईने त्या जुन्या युनिव्हर्सिटीचं पान उघडलं. मुलाला न विचारता कोचला ईमेलही लिहायला घेतला. अर्धा लिहिला आणि थांबले. पुसला. फोन लावला.

"मी वाचलं," तो म्हणाला. "मी त्यांना मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यांच्याकडे माझ्या, डिफेन्सच्या जागा भरल्यात. नाइस रिप्लाय होता."

"मग दुसरीकडे? अजून कितीतरी..."

"आई." त्याने मला मधेच तोडलं. "मी इथल्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन घेतली आहे. फिजिओथेरपीच्या आधीचा कोर्स. त्यांची टीम आहे, मी खेळेन. आय साइन्ड इट. मी तुला सांगतोय, विचारत नाहीये."

माझ्या ओठांवर दहा प्रश्न आले होते. तिथून पुढे व्यावसायिक हॉकीत किती जण जातात, खांद्याचं काय, परत इकडे कसा येशील. मी म्हटलं, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. घर कुठे घेतोयस?"

तो जरासा हसल्यासारखा वाटला. मग त्याने मला चार मुलांमध्ये मिळून घेतलेल्या बेसमेंटबद्दल सांगितलं. खिडकी वरच्या बाजूला आहे आणि बर्फ पडला की बुजते. भिंतीला लागून कुकर ठेवायला जागा आहे. वरणाला शिट्ट्या किती, हे त्याने विचारलं. वर्षभरात त्याने स्वतःहून माझा सल्ला घ्यायला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, तीन. मग म्हटलं, डाळ भिजवलेली असेल तर दोन.

मागच्या महिन्यात तो एकवीस वर्षांचा झाला. एकविसाव्या वर्षी मुलं आईवडिलांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडतात. वकीलबाईंचं पत्र आलं. आमच्या फाइलवर आता दोनच नावं आहेत. तिकडे कॅनडात त्याला कदाचित आमच्याआधी कायमचं राहायला मिळेल. नवरा म्हणतो, बघ, एका अर्थी तू त्याला वाचवलंसच. मी त्याला असं म्हणू देत नाही. मी त्या गॅरेजच्या पायरीवर अजून बसते, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी वेगळं वाक्य बोलून बघते. खरं सांगते आणि तो कॉलेज निवडतो. खरं सांगते आणि तो कॅनडा निवडतो. खरं सांगते आणि तो हॉकी सोडतो. कुठल्याच वेळी त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसत नाही, कारण त्याला ती संधी मी मिळूच दिली नाही.

रविवारी त्याची मॅच असते. कॅमेरा या टीमकडेही एकच आहे, पण खालून, कठड्याजवळून. यंदा तो जरा रुंद दिसतो खांद्यात.